ताकद आहे, मग पाऊल का उचलत नाही?

१. दोन घरं, दोन उलटे प्रश्न

आबांच्या मुठीत अजून जोर आहे. त्यांनी हात धरला तर सोडवून घ्यायला कष्ट पडतात. डॉक्टरांनी गुडघे तपासले, तेही वयाच्या मानाने बरे निघाले. तरी खुर्चीतून उठताना आबांना दोन-तीनदा झोका घ्यावा लागतो आणि उंबऱ्यापाशी आलं की पाऊल जमिनीला खिळतं. मागून घरचे म्हणत राहतात, "अहो आबा, टाका की पाय!" आबांनाही तेच करायचं असतं. पाय ऐकत नाही.

दुसऱ्या घरात नेमकं उलट चाललेलं असतं. आजींचा उजवा हात कालपासून आपोआप फेकला जातोय. शेजारी ठेवलेली बशी उडते, बांगड्या खाटेच्या कडेवर आपटतात. सुनेने दोन्ही हातांनी धरून ठेवला तरी तो थांबत नाही. आजींनी हात हलवायचं मनातही आणलेलं नाही.

पहिल्या घरात हवी ती हालचाल होत नाही, दुसऱ्या घरात नको ती थांबत नाही. लकवा म्हणावा तर दोघांच्याही स्नायूंत बळ आहे. शहरात असो वा मावळातल्या वाडीत, अशा वेळी पहिल्याला "वय झालं" आणि दुसरीला "बाहेरचं काहीतरी" असं म्हणून मोकळं होण्याची सवय असते. वैद्यकशास्त्राच्या मते दोघांचाही बिघाड मेंदूच्या खोल भागातल्या एकाच यंत्रणेत असतो. तिचं नाव बेसल गँग्लिया.

२. ही यंत्रणा असते कुठे?

मेंदूचा बाहेरचा, घड्या पडलेला थर म्हणजे कॉर्टेक्स. विचार, बोलणं, ठरवून केलेल्या हालचाली यांचे आदेश तिथून निघतात. या थराच्या बऱ्याच खाली, मेंदूच्या मध्याजवळ, डावी-उजवीकडे चेतापेशींचे काही पुंजके असतात. या पुंजक्यांचा समूह म्हणजे बेसल गँग्लिया. त्यातली चार नावं लक्षात ठेवली की पुढचं प्रकरण सोपं जातं.

पहिलं, स्ट्रायटम. हा समूहातला सर्वांत मोठा भाग. कॉर्टेक्सकडून येणारे निरोप आधी इथे पोचतात.

दुसरं, ग्लोबस पॅलिडस. याचा आतला भाग हा समूहाचा बाहेर जाणारा दरवाजा. इथून निघालेला निरोप थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुन्हा कॉर्टेक्सकडे जातो.

तिसरं, सबथॅलॅमिक न्यूक्लियस. अगदी छोटा, पण हालचाल रोखण्यात याचा वाटा मोठा.

चौथं, सबस्टॅन्शिया नायग्रा. याच्या पेशींत काळसर रंगद्रव्य असतं, त्यामुळे कापलेल्या मेंदूत हा काळा पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. डोपामिन हे रसायन बनवून स्ट्रायटमला पुरवणं हे या पट्ट्याचं काम.

यापैकी एकाही भागातून स्नायूंकडे थेट तार जात नाही. स्नायूंना आदेश देतो तो कॉर्टेक्स, तोल आणि अचूकपणा सांभाळतो तो लहान मेंदू. मग बेसल गँग्लियाकडे काम कोणतं उरलं?

३. घाट उतरणारी गाडी

ते समजायला मावळातल्या माणसाने बोरघाट आठवावा. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट इतका चढ आहे. कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, हे सगळ्यांना माहीत असतं. लोणावळ्याहून खाली जातानाची व्यवस्था मात्र कमी जणांच्या ध्यानात येते. उतारावर गाडी ओढावी लागत नाही, आवरावी लागते. म्हणून मुख्य मार्गातून एक फाटा काढून तो चढावर नेलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. रूळ बदलणारा सांधा एरवी या फाट्याच्याच बाजूला लावलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी घसरत आली तर ती आपोआप फाट्यावर चढून थांबते. ताब्यात असलेली गाडी आधी उभी राहते, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो आणि ती पुढे निघते. अडवणं हा तिथला कायमचा नियम आहे. सोडण्याचा निर्णय प्रत्येक गाडीसाठी नव्याने घ्यावा लागतो.

बेसल गँग्लियाचा कारभार याच तत्त्वावर चालतो. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या भागातल्या पेशी गप्प नसतात. त्या सेकंदाला साठ-सत्तर वेळा थॅलॅमसला "थांब" असा निरोप धाडत असतात. सांधा फाट्याला लावून ठेवलेला असतो. विशिष्ट हालचाल करायची ठरली की तेवढ्यापुरता हा निरोप थांबतो, थॅलॅमस मोकळा होतो आणि कॉर्टेक्सचा आदेश पुढे जातो. म्हणजे हालचालीची शक्ती बेसल गँग्लियात तयार होत नाही. कोणती हालचाल केव्हा आणि किती सोडायची, एवढंच तिथे ठरतं.

आबांचं कोडं इथे सुटू लागतं. त्यांच्या गाडीचं इंजिन शाबूत आहे, रूळही शाबूत आहेत. अडलाय तो सांधा.

४. सोडणारी वाट, रोखणारी वाट

स्ट्रायटमपासून बाहेरच्या दरवाजापर्यंत दोन वाटा जातात. एक सरळ आहे. ती "थांब" हा निरोप बंद पाडते, म्हणून ती सोडणारी वाट. दुसरी सबथॅलॅमिक न्यूक्लियसवरून वळसा घालून जाते आणि तोच निरोप अधिक जोरात करते, म्हणून ती रोखणारी वाट.

चहाचा कप उचलण्याचं उदाहरण घ्या. कपाकडे हात न्यायचा, बोटं कपाच्या कानाभोवती वळवायची, कोपर वाकवायचं. या तीन हालचाली सोडणारी वाट मोकळ्या करते. त्याच क्षणी रोखणारी वाट बाकीचं सगळं दाबून धरते, म्हणजे खांदा उडणं, मनगट उलटं वळणं, दुसरा हातही सोबत उठणं. दोन्ही वाटा एकत्र चालतात. एक निवडते, दुसरी उरलेल्यांना आवरते. तेव्हा कुठे चहा न सांडता ओठांपर्यंत येतो.

आता डोपामिन. एकच रसायन दोन्ही वाटांवर उलट परिणाम करतं. सोडणाऱ्या वाटेला ते जोर देतं आणि रोखणाऱ्या वाटेचा जोर कमी करतं. डोपामिन पुरेसं असेल तर सांधा चटकन मुख्य मार्गाला लागतो. ते घटलं की दोन्हीकडून नुकसान होतं, सोडणं अशक्त होतं आणि रोखणं बळावतं. ही जोडगोळी ध्यानात ठेवली की पुढचे सगळे आजार दोन रांगांत आपोआप बसतात, एका रांगेत हालचाल कमी पडते आणि दुसऱ्या रांगेत ती अती होते.

५. सांधा अडतो तेव्हा

पहिल्या रांगेतला मुख्य आजार पार्किन्सन. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे कंपवात हे नाव रूढ आहे. त्यात सबस्टॅन्शिया नायग्रामधल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. शरीर बराच काळ ही तूट भरून काढत राहतं. लक्षणं घरच्यांच्या डोळ्यांवर येईपर्यंत या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक, संपलेल्या असतात.

लक्षणांची सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. हात मांडीवर निवांत ठेवला असताना थरथरतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि अंगठा तंबाखू मळताना फिरावा तसा बोटांवर फिरत राहतो. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. चालताना एक हात अंगालगत राहतो, झुलत नाही. आवाज बारीक होतो. निवृत्त शिक्षक पेन्शन काढायला बँकेत जातात आणि खिडकीपलीकडून उत्तर येतं, "सर, सही जुळत नाही." सहीचं पहिलं अक्षर पूर्वीसारखं असतं, पण शेवटच्या अक्षरापर्यंत ती आक्रसत गेलेली असते. हालचाल सुटते, पण पूर्ण मापाने सुटत नाही, याचा हा लेखी पुरावा.

काही खुणा तर थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येतात. जुनाट बद्धकोष्ठता ही एक. झोपेत स्वप्नाबरोबर लाथा मारणं, ओरडणं ही दुसरी. तिसरी वास न येणं. चुलीवर इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शिजतोय, घर घमघमतंय आणि जन्मभर तोच भात खाल्लेल्या माणसाला त्याचा पत्ता नाही. या खुणा असल्या की पार्किन्सन होणारच, असं नाही. त्या एकत्र आल्या तर डॉक्टरांना जरूर सांगाव्यात.

हात थरथरला की पार्किन्सनच, हीसुद्धा घाई आहे. एक सोपी तपासणी घरीही करता येते. हात मांडीवर असताना थरथरतो आणि कप उचलला की थरथर कमी होते, तर पार्किन्सनची शंका घ्यावी. मांडीवर स्थिर असतो आणि कप धरला की हिंदकळतो, तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर असतो. हा त्रास अनेक घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालतो, त्याचं मूळ वेगळं आहे आणि त्यावरची औषधंही वेगळी आहेत.

मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. एन. ई. भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दर लाख लोकांमागे सुमारे ३२८ पार्किन्सनचे रुग्ण आढळले. हा आकडा मोठा दिसण्याचं एक कारण असं, की त्या समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त होतं. वय वाढतं तसा हा आजार वाढतो. महाराष्ट्राचं आयुर्मान वाढतंय, तेव्हा हे रुग्णही वाढणार.

६. एक मुळी, एक शेंग

डोपामिनच्या कहाणीत आपल्याकडच्या दोन वनस्पती भेटतात, आणि दोन्ही सह्याद्रीत उगवतात.

पहिली सर्पगंधा. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या निबंधातून जगापुढे ठेवलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिझर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरात आलं. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मोठ्या मात्रेत रिझर्पिन घेणारे काही रुग्ण मंदावत, ताठरत, अगदी पार्किन्सन झाल्यासारखे दिसत. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिझर्पिन दिलं. ससे निपचित पडले. त्यांना डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचल्यावर ते थोड्याच वेळात पुन्हा हिंडू लागले. रिझर्पिनने मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि डोपाने तो भरून काढला होता. तीन वर्षांनी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच आणि हेर्बर्ट एरिंगर यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा स्ट्रायटममध्ये डोपामिनचा खडखडाट आढळला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी वनस्पती खाजकुइली. राजमाची, तिकोना, लोहगडच्या रानवाटांवर फिरणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यानंतर वेलीवर जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, हिवाळ्यात सोनेरी-तपकिरी लवेच्या शेंगा वाळतात. ती लव वाऱ्याने अंगावर आली की माणूस खाजवून हैराण होतो. आयुर्वेदात हिला कपिकच्छू म्हणतात आणि बी शोधन करूनच वापरायला सांगतात. या बियांमध्ये लेव्होडोपा, म्हणजे डोपाचंच एक रूप, असतं, हे मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा त्याचा मेंदूशी काय संबंध, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेव्होडोपाचं महत्त्व असं, की डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६० च्या दशकात ते पार्किन्सनचं प्रमुख औषध ठरलं आणि आजही आहे. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीचा रुग्णांवरचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये तिच्या बियांपासून बनवलेल्या चूर्णाची ६० रुग्णांवरची चाचणी छापून आली. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर केलेल्या तुलनेत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा सुमारे निम्म्या वेळात सुरू झाला.

७. मग शेंग आणून कुटून का खाऊ नये?

हा प्रश्न पुढचाच, आणि रास्तही. उत्तरासाठी छोटा हिशेब पुरे.

समजा, एका वेलीच्या बियांत २ टक्के लेव्होडोपा आहे आणि दुसरीच्या बियांत ६ टक्के. जात, माती आणि हंगाम यांनुसार एवढा फरक पडतो. पहिल्या वेलीच्या १० ग्रॅम चूर्णातून २०० मिलिग्रॅम औषध मिळेल, दुसरीच्या तेवढ्याच चूर्णातून ६००. चमचा तोच, मात्रा तिप्पट. ज्या रुग्णाची गोळी ५० मिलिग्रॅमने वाढवावी की नाही यावर डॉक्टर विचार करतात, त्याला हा जुगार परवडणारा नाही. मात्रा चढली तर मळमळ होते, उठताना रक्तदाब कोसळतो, भास होतात, अंग आपोआप वळवळू लागतं.

दुसरी अडचण शरीरातली. नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं तर त्याचा बहुतेक भाग मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडतो. दवाखान्याच्या गोळीत त्यासोबत कार्बिडोपा असतं. ते हा अपव्यय रोखतं, त्यामुळे लेव्होडोपा पूर्वीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात भागतं. कुटलेल्या शेंगेत कार्बिडोपा नसतं. गोळी चालू असताना वरून चूर्ण घेणं तर अधिकच धोक्याचं, कारण दोन्हींची बेरीज होते आणि डॉक्टरांना ती ठाऊकच नसते.

याच हिशेबातली एक उपयोगी सूचना. प्रथिनं आणि लेव्होडोपा यांना मेंदूत शिरायला एकच वाट असते. गोळी दुधाबरोबर किंवा पोटभर डाळ-उसळीनंतर घेतली की तिचा असर कमी पडतो. म्हणून ती बहुधा जेवणाआधी, पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

८. सांधा निसटतो तेव्हा

आता दुसरी रांग, जिथे रोखणारी वाट कमजोर पडते.

लहान मुलांत घसा सुजून संधिवाताचा ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातपाय, चेहरा वेडेवाकडे हलू लागतात. हा सिडनहॅमचा कोरिया. मूल मुद्दाम चाळे करतंय असं समजून शाळेत छडी बसते, खरं तर त्याला हृदयतपासणीची आणि पेनिसिलिनची गरज असते. हंटिंग्टनचा आजार आनुवंशिक आहे. त्यात स्ट्रायटममधल्या पेशी झडतात आणि पालकांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी असते.

सुरुवातीच्या आजींकडे वळू. एका बाजूचा हात किंवा पाय असा फेकला जाऊ लागला, तर सबथॅलॅमिक न्यूक्लियसपाशी छोटा ब्रेन स्ट्रोक झालेला असू शकतो. आशियाई वृद्ध स्त्रियांत आणखी एक कारण वारंवार दिसतं, ते म्हणजे बेफाम वाढलेली रक्तातली साखर. कधी कधी तर मधुमेह आहे हेच अशा वेळी पहिल्यांदा कळतं. साखर आटोक्यात आली की बऱ्याच रुग्णांचा हात काही दिवसांत वा आठवड्यांत शांत होतो. देवऋषाकडे घालवलेले दिवस इथे महागात पडतात.

आणखी एक प्रकार डिस्टोनिया. यात नको ते स्नायू एकाच वेळी आवळले जातात. मान एका बाजूला वळलेली राहते, किंवा पेन धरलं की बोटं पिळवटतात आणि तोच हात इतर कामं मात्र बिनबोभाट करतो. त्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनची सुई देऊन अनेकांना आराम पडतो.

९. गोळ्यांची पिशवी, तांबं आणि कोळसा

बेसल गँग्लियाचे काही बिघाड टाळता येतात, काही उलटवता येतात. म्हणून ते वेगळे सांगायला हवेत.

सर्वांत आधी औषधं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरच्या सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन, आम्लपित्ताच्या काही जोडगोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड, मनोविकारांवरची काही औषधं. ही सगळी मेंदूत डोपामिनची जागा अडवू शकतात. तात्पुरती दिलेली ॲसिडिटीची किंवा चक्करेची गोळी लागू पडली म्हणून आजी ती वर्षभर दुकानातून आणत राहतात, आणि मग चाल मंदावते, हात थरथरतो. गोळी ओळखून डॉक्टरांनी बंद केली की बहुतेकांत ही लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतात. ओळखली नाही तर पार्किन्सनची आणखी एक गोळी वर चढते.

तरुणांत हेच नाट्य काही तासांत घडतं. उलटीचं इंजेक्शन घेऊन आलेल्या मुलीची मान मागे वळते, डोळे वर चढतात, जबडा अडकतो. घरात "अंगात आलं" म्हणून अंगारा शोधला जातो. दवाखान्यात प्रोमेथाझिनसारखं एक इंजेक्शन दिलं की बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते.

तांबं. विल्सनच्या आजारात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात आणि बेसल गँग्लियात साचतं. शाळकरी वयात अक्षर बिघडणं, लाळ गळणं, बोलणं अडखळणं, बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसणं या त्याच्या खुणा. आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक मुलात धोका चारात एक. नात्यातल्या लग्नांत असा योग जास्त जुळतो. वेळीच ओळखलं तर पेनिसिलामाइन किंवा जस्ताच्या औषधांनी हा आजार रोखता येतो, म्हणून तरुण वयातल्या प्रत्येक अनाकलनीय कंपात डॉक्टर त्याची तपासणी करतात. निरोगी माणसाला तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याने विल्सन होत नाही. तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं दूध आणि बाळांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार यांचा संबंध आहे. तो आजार यकृताचा, मेंदूचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

कोळसा. पवना धरणाकाठी तंबूत राहायला येणारे थंडीत किंवा पावसात शेगडी आत घेतात. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही त्याच जातीचा. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला ना रंग ना वास. तो जीवही घेतो. ज्यांचा जीव वाचतो, त्यांच्यातल्या काहींच्या ग्लोबस पॅलिडसला दोन्ही बाजूंनी इजा होते. घरी चालत गेलेला माणूस काही आठवड्यांनी ताठरून मंदावलेला परत येतो. शेगडी तंबूबाहेर, गिझर न्हाणीघराबाहेर आणि हवा खेळती, एवढं पुरेसं आहे.

१०. पायऱ्या, ठेका आणि तार

आबा सपाट फरशीवर अडतात आणि एकवीरा देवीच्या देवळाच्या पायऱ्या मात्र चढून जातात, हे पाहून घरच्यांना ते ढोंग वाटतं. त्यात ढोंग काही नाही. आपसूक चालणं बेसल गँग्लियावर अवलंबून असतं. डोळ्यांपुढे पायरी, रेघ किंवा कानावर ठेका असला की मेंदू दुसऱ्या वाटेने, बाहेरच्या खुणेच्या आधाराने पाऊल सोडतो. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. तो काही पावलंही धड चालू शकत नव्हता, पण सायकल सफाईने चालवत होता.

पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने हेच आपल्या पार्किन्सनग्रस्त काकांमध्ये पाहिलं. जिने चढणारे काका सपाट जमिनीवर थबकत. तिने जमिनीवर जिन्याचा आभास देणारं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. पुण्यातच नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. घरी फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे पट्टे लावणं, चालताना टाळ्यांचा किंवा टाळांचा ठेका धरणं हे बिनखर्चाचे उपाय आहेत. योगाचंही स्थान आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, ते योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणूनच. पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या अलीकडच्या चाचण्यांत योगाने चिंता आणि उदासी कमी झाल्याचं आढळलं आहे. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत, आणि गोळीला तो पर्याय नाही.

औषधांचा असर अवेळी ओसरू लागला, तर निवडक रुग्णांना डीप ब्रेन स्टिम्युलेशन हा मार्ग असतो. १९९० मध्ये संशोधकांना दिसलं, की पार्किन्सनसारखा आजार झालेल्या माकडांचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला की त्यांची हालचाल सुधारते. म्हणजे रोखणारी वाट अती बळावली होती. माणसात तो भाग नष्ट न करता तिथे बारीक तार बसवतात आणि छातीच्या कातडीखालच्या यंत्रातून सेकंदाला सव्वाशे-दीडशे विजेचे ठोके देतात. ही शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते.

११. डॉक्टरकडे जाताना

चालणं मंदावलं, एका हाताची थरथर सुरू झाली, सही बारीक झाली किंवा हात किंवा पाय आपोआप उसळू लागला, तर "वय झालं" म्हणून वाट पाहू नये. एका बाजूची हालचाल अचानक बिघडली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मावळातल्यांना तळेगाव दाभाड्याचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, आणि लोणावळा लोकलने पुण्यातले मेंदूविकारतज्ज्ञही गाठता येतात.

जाताना दोन गोष्टी न्याव्यात. एक, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, ॲसिडिटीच्या आणि वैद्यांच्या पुड्यांसकट. दुसरी, मोबाइलवर काढलेला चालण्याचा आणि थरथरीचा व्हिडिओ, कारण डॉक्टरांसमोर लक्षणं कित्येकदा दिसतच नाहीत. निदान पार्किन्सनचं झालं तर पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणून माहिती आणि आधार देतात.

आणि गोळ्या सुरू झाल्यावर, प्रवासात संपल्या, उपवास आला किंवा बरं वाटू लागलं म्हणून त्या एकदम थांबवू नयेत. लेव्होडोपा अचानक बंद केल्याने तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखं ताठरल्याच्या आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावं लागल्याच्या नोंदी आहेत. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू.